टपाखालचं कापड

जुनी गाडी दुरुस्तीला काढली की मालकाची यादी साधारण ठरलेली असते. आधी इंजिन, ब्रेक, वायरिंग, मग डेंटिंग-पेंटिंग आणि क्रोमचे भाग, शेवटी सीटची कुशनं. टपाच्या आतल्या बाजूला ताणलेलं अस्तर, ज्याला गॅरेजात सरसकट 'सीलिंग' म्हणतात, ते या यादीत असलंच तर तळाशी. रंग झाला, काचा बसल्या, गाडी सीटवाल्याकडे गेलीच आहे तर वरचंही करून टाका, अशा बेतानं ते उरकलं जातं. उरकण्याची सर्रास पद्धत अशी, की जुनं कापड ओरबाडून काढायचं, आतल्या सळ्या भंगारात टाकायच्या आणि पाठीला पातळ फोम असलेलं कापड सरळ पत्र्याला किंवा पुठ्ठ्याला चिकटवून द्यायचं. काम झटपट होतं आणि नवं असताना गुळगुळीत दिसतं. तरीही माझं म्हणणं असं, की या व्यवहारात जुन्या गाडीचं जे नुकसान होतं ते कापड गेल्यामुळे होत नाही, सळ्या गेल्यामुळे होतं. टपाखालचं कापड बदललं तर हरकत नाही. ते टांगण्याची रीत मात्र बदलू नये.

ही रीत कुठून आली ते आधी पाहू. मोटारीच्या सुरुवातीच्या दशकांत टपाच्या अस्तराचा प्रश्न फारसा नव्हता, कारण बहुतेक गाड्या उघड्या होत्या. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या पुस्तकात दिलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेत १९१९ साली बंद टपाच्या गाड्या सुमारे १० टक्के होत्या, १९२७ साली त्या ८५ टक्क्यांवर पोचल्या. पण बंद झालेला टपही अखंड पोलादाचा नव्हता. तेवढ्या रुंदीचा पत्रा आणि तो एका झटक्यात दाबून घडवणारे प्रेस अजून यायचे होते. म्हणून टपाच्या मधोमध लाकडी कमानींची चौकट आणि तिच्यावर पाणी न झिरपणारं कापड, असा प्रकार असे; आतून लोकरी कापड त्याच लाकडाला चुका मारून बसवलेलं. घोडागाड्या बांधणाऱ्यांचंच हे कसब, गाडीपुढचा घोडा तेवढा गेलेला. पुढे जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागानं १९३५ च्या गाड्यांसाठी 'टरेट टॉप' नावानं सलग पोलादी टप आणला आणि बाकीचे कारखानेही त्या वाटेनं गेले. लाकूड गेलं, तर आता चुका कशात मारायच्या? कडेला चुका घेण्यापुरत्या पट्ट्या काही काळ टिकल्या, पण मधला सगळा भार बारीक पोलादी सळ्यांवर आला. टपाखालची सळी म्हणजे त्या लाकडी कमानीचीच वारस. गाडी कोणत्या कारागिरीतून जन्माला आली याचा इतका सरळ पुरावा आतल्या दुसऱ्या कुठल्या भागात मिळणं कठीण.

रचना वरवर पाहता साधी आहे. कापडाचे किंवा रेक्झीनचे आडवे पट्टे एकमेकांना शिवलेले असतात. प्रत्येक शिवणीच्या पाठीमागे, म्हणजे टपाकडच्या बाजूला, एक अरुंद नेफा असतो, परकराला नाडी ओवायला असतो तसा. त्यात कमानीसारखी वाकवलेली सळी ओवायची आणि तिची दोन्ही टोकं टपाच्या कडेच्या पट्टीतल्या भोकांत बसवायची. मग कापड पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे ताणायचं आणि फक्त कडांना, काचांच्या रबराखाली आणि दरवाज्यांवरच्या बीडिंगखाली, चिकटवायचं. मधल्या सगळ्या पसाऱ्याला डिंकाचा थेंब लागत नाही. ते कापड निव्वळ ताणावर उभं असतं, खरं तर लोंबत असतं. पन्नास-साठच्या दशकांतल्या बहुसंख्य गाड्या अशाच. फोक्सवॅगनची बीटल अशी, इटलीची फियाट ११०० अशी, आणि म्हणून वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात बांधलेली फियाट आणि तिचीच पुढे झालेली पद्मिनीही याच जातीची.

कापड आणि पत्रा यांच्यामध्ये जी रिकामी जागा राहते ती वाया गेलेली नसते. पोलादी टप म्हणजे ताणलेला मोठा पत्रा. चाकांचा धक्का आणि वाऱ्याचा मारा बसला की तो घुमतो. म्हणून पत्र्याच्या आतल्या अंगाला नमद्यासारखी किंवा कापसाची गादी लावत, तिच्याखाली हवेचा थर आणि त्याखाली अस्तर. साठच्या दशकात लोकरी कापड जाऊन बारीक भोकांचं रेक्झीन आलं, त्या भोकांमागेही हेच गणित होतं. नुसतं सपाट रेक्झीन आवाज परतवतं. भोकं असली की आवाज आत शिरतो आणि गादीत जिरतो. उन्हाचंही तसंच. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या टपाला हात लावता येत नाही, आणि त्या पत्र्याला थेट चिकटलेलं कापड तीच धग डोक्यावर पोचवतं; मधली हवा ती थोडी अडवते. शिवाय एक गोष्ट आपल्या पावसाळ्यामुळे जास्त महत्त्वाची. काचेचं रबर कडक होऊन पाणी झिरपू लागलं, तर टांगलेल्या अस्तराच्या कोपऱ्यात तपकिरी डाग उमटतो आणि मालकाला वेळेत कळतं. पत्र्याला चिकटवलेला फोम तेच पाणी मुकाट पिऊन घेतो आणि पत्र्याशी धरून ठेवतो. बाहेरच्या रंगाला फोड येईपर्यंत आतला गंज कुणाला दिसत नाही.

अस्तर बदलण्याची वेळ मात्र येतेच. रेक्झीन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलासारख्या द्रव्यांमुळे. ती वर्षानुवर्षं उडून जातात, मग रेक्झीन आकसतं, कडक होतं आणि शिवणीपाशी, जिथे सुईनं आधीच भोकं पाडून ठेवलेली असतात, तिथे फाटतं. लोकरीला कसर लागते. सुती दोरा कुजतो. सळ्यांना गंज चढून नेफ्यातून त्याच्या रेघा खाली उतरतात. हे काम नीट करायचं तर त्याचा क्रमच यादीतल्या क्रमाच्या उलट निघतो. बीटलचंच उदाहरण घ्या. तिचं अस्तर पुढच्या, मागच्या आणि बाजूच्या काचांच्या चौकटींत वळून आत जातं, खांबांवरही उतरतं. म्हणजे काचा काढल्याशिवाय कडा मोकळ्या होत नाहीत आणि काचा बसवल्यावर कडा धरता येत नाहीत. नवा रंग दिलेल्या, काचा बसवलेल्या गाडीचं सीलिंग शेवटी करायला घेणं हे वरातीमागून घोडं. कारागीर मग कडा रबराखाली कशाबशा खुपसतो आणि दोन पावसाळ्यांत त्या सुटतात.

पुढचं काम शिंप्याचं आहे आणि शिंप्याइतकीच सबुरी मागतं. आरसा, सन व्हायझर, दिवा, पकडायचे पट्टे काढल्यावर जुनं अस्तर फाडायचं नसतं, उतरवायचं असतं, कारण नव्याचा बेत त्याच्यावरूनच घ्यायचा. प्रत्येक सळीची लांबी आणि बाक वेगळा. म्हणून निघाली तशी तिच्यावर क्रमांक आणि डावी-उजवी बाजू लिहायची. एका टोकाला दोन-तीन भोकं असतील तर ती कुठल्या भोकात होती हेही. ही नोंद करायची राहिली की सळ्या अदलाबदल होतात आणि मग टपाचा बाक कुठे फुगीर, कुठे खोल दिसतो. कितीही ताणलं तरी तो दोष जात नाही. सळ्या घासून, रंगवून, सुकवून घ्यायच्या. दिव्याची वायर आधीच ओढून ठेवायची. नव्या कापडाच्या पुढच्या आणि मागच्या कडेवर मध्यरेषा आखायची आणि टपाच्या चौकटीवरही. रेक्झीन थोडा वेळ उन्हात पसरलं की सैलावतं, मग हाताला वळतं. बसवताना ताण मध्यापासून बाहेर न्यायचा: आधी पुढचा मध्य, मग मागचा, मग बाजू, आणि कडा कागदाच्या मोठ्या चिमट्यांनी धरून ठेवायच्या. या टप्प्यावर चिकटवायची घाई केली की संपलं. चिमटा काढून पुन्हा लावता येतो. सुकलेला डिंक सोडवताना कापड जातं.

सगळ्यात नाजूक जागा नेफ्याच्या टोकाला आहे. टपाच्या कडेजवळ पत्रा झपाट्यानं खाली वळतो, आणि नेफा शेवटपर्यंत सळीला धरून असेल तर तिथे शिवणीपासून सुरकुत्या फुटतात. म्हणून नेफ्याची टोकं थोडी कापून मागे घ्यावी लागतात. किती, हे कुठल्याही तक्त्यात नसतं. कमी कापलं तर सुरकुती राहते, जास्त कापलं तर शिवण सळीला सोडून लोंबते, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. जाणता कारागीर बोटभर कापतो, ताणून पाहतो, पुन्हा थोडं कापतो. उरलेल्या बारीक सुरकुत्या वाफेनं किंवा गरम हवेनं निघतात. व्हायझरच्या स्क्रूची भोकं आरीनं चाचपून शोधायची आणि कडेचं जादा कापड सगळ्यात शेवटी छाटायचं. चिकटवण्याच्या झटपट कामात या ज्ञानाला जागाच उरत नाही. अशा कामाची मागणी संपली की ते ज्ञान पुढच्या हातात कसं जाणार?

आता आक्षेप. पहिला आणि सरळ आक्षेप असा, की सळ्यांचा जमाना कारखान्यांनीच संपवला, मग आपण का धरून बसायचं? सत्तर-ऐंशीच्या दशकांत साच्यात दाबलेल्या तयार फळ्या आल्या: तंतूंचा पुठ्ठा किंवा काचतंतू, त्यावर फोम आणि कापड. जोडणीच्या रांगेत ती फळी उचलून वर दाबली की काम झालं. कारखान्याच्या हिशेबात हे योग्यच होतं. पण ही फळी म्हातारी कशी होते ते जॅग्वारच्या एक्सजे-एसच्या मालकांना विचारावं. १९७५ साली आलेल्या या महागड्या गाडीचं लोंबणारं सीलिंग हा तिच्या चाहत्यांमधला नेहमीचा विषय आहे. कारण सळीचं नाही, फोमचं आहे. पॉलियुरेथेनचा फोम उष्णतेनं आणि हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू विघटित होतो. एके दिवशी त्याची भुकटी होते आणि कापड झोळीसारखं खाली येतं. डिंक कितीही भारी असो, ज्याला तो धरून आहे त्याचीच भुकटी झाली तर तो काय करणार? मुंबई-कोकणच्या दमट हवेत याला वेग येतो. म्हणजे तीस-चाळीस वर्षं टिकलेली रीत काढून तिच्या जागी जे आणलं जातं, त्याचं आयुष्य मुळातच तोकडं. अर्थात, एक्सजे-एसला सळ्या लावा असं मी म्हणत नाही. ती फळीचीच गाडी. तिची फळी साफ करून नवं कापड चढवणं हीच तिची रीत. आणि आजच्या गाड्यांची गोष्ट तर निराळीच. १९९८ च्या व्होल्व्हो एस८० पासून टपाच्या कडेत पडद्यासारख्या एअरबॅग येऊ लागल्या. तिथलं अस्तर हा सुरक्षेच्या यंत्रणेचा भाग आहे, त्याला सीटवाल्यानं हात लावू नये.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो आणि तो जास्त वजनदार आहे. जुन्या वस्तूचं मोल तिच्या मूळ द्रव्यात असतं. मग कापड बदललं तर चालेल असं म्हणणंच ढिलाईचं नाही का? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिवानं, २०१२ साली संमत केलेली ट्यूरिन सनद १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहे आणि तिचा कल स्पष्टपणे जपणुकीकडे आहे, नव्यानं घडवण्याकडे नाही. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात कधीच न नवीन केलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. हे मला मान्य आहे, आणि म्हणून पहिला प्रश्न 'बदलू कसं' हा नसून 'बदलायलाच हवं का' हा असला पाहिजे. मळलेलं अस्तर सौम्य साबणानं निघतं, उसवलेली शिवण जागच्या जागी टाचता येते, सुटलेली कड पुन्हा बसवता येते. डागासाठी अस्तर फेकणारा माणूस मला समजत नाही. पण आकसून चिरफाळलेलं रेक्झीन जपता येत नाही. त्याला हात लावला की तुकडे पडतात. त्याच सनदेत एक व्यवहारी कलमही आहे: बदललेला भाग ओळखता यावा अशी खूण आणि साल त्यावर असावं. टांगलेल्या अस्तराच्या पाठीवर ते लिहिता येतं आणि पुढच्या माणसाला ते काढून वाचताही येतं. फोमच्या पाठीवर लिहिलेलं कुणाला वाचायला मिळणार नाही.

द्रव्य बदलावं याला एक चांगलं कारणही आहे. अमेरिकेत १९७२ पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडीच्या आतल्या सामानावर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं पसरता कामा नये, आणि टपाचं अस्तर त्या यादीत नावानिशी आहे. त्याआधीच्या गाड्यांच्या कापडाला ही कसोटी नव्हती. दिसायला जुन्यासारखं, पण आगीच्या कसोटीला उतरलेलं रेक्झीन निवडलं तर जुनेपणाशी बेइमानी होते असं मला वाटत नाही. नेफा तोच, सळी तीच, शिवणींमधलं अंतर तेच. दुकानात मात्र हे विचारून घ्यावं लागतं. रंग आणि भोकांची नक्षी जुळली की ग्राहक खूश होतो आणि पुढचं विचारत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याच्या आडोशानं घेतला जातो. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची, व्यापारी वापर नसलेली गाडी त्यात 'व्हीए' मालिकेचा क्रमांक घेऊ शकते. अट अशी की ती मूळ रूपात असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. अस्तराचा उल्लेख नाही, तेव्हा वाटेल ते करायला मोकळीक, असा अर्थ काढला जातो. नियमाचं काम रस्त्यावरच्या वाहनाला ओळख देण्याचं आहे. गाडीत काय जपण्यासारखं आहे हे ठरवणं त्यानं मालकावर सोडलं आहे. आणि तसंही, टपाच्या पत्र्याला आतून सगळीकडे डिंक फासणं हे बॉडीला हात न लावणं कसं, हे मला उमजत नाही.

खरी अडचण मुंबईच्या टॅक्सीनं उभी केली आहे. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत कारखान्याचं फिकट अस्तर क्वचितच राहिलं. चालकांनी आपल्या हौसेनं फुलांची, वेलबुट्टीची, चकचकीत छापील रेक्झीनं डोक्यावर लावली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमानं तरुण चित्रकारांकडून खास कापडं छापून सीटपासून टपापर्यंत चढवली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. आता कुणी अशी टॅक्सी जपायला घेतली, तर तिचं खरं अस्तर कोणतं? माझ्या मते ते छापील रेक्झीनच. कारखान्यातून निघालेली गाडी थोडे महिने तशी होती, टॅक्सी मात्र वीस वर्षं होती. ते चिकटवलेलं असलं तर चिकटवलेलंच राहू द्यावं. इथे माझा नियम सैल करायला मी तयार आहे, कारण तो बदलण्याच्या कामासाठी आहे, आणि इथे बदलूच नये. फाटून गेलं असेल तरच प्रश्न उरतो. मग तीच नक्षी छापून घेऊन ती सळ्यांवर शिवता येते, आणि रीत आणि हौस दोन्ही राहतात.

उरला खर्च. सळ्यांचं काम चिकटवण्यापेक्षा महाग पडतं, यात वाद नाही. काचा काढायच्या तर जुनी काच फुटण्याचा धोकाही आहे. बीटलच्या मालकाला निदान तयार शिवलेलं अस्तर बाजारात मिळतं. आपल्याकडच्या फियाटवाल्याला बहुधा जुनं उसवून नवं बेतून घ्यावं लागतं. पण 'असा कारागीरच आता मिळत नाही' हे रडगाणं मला पटत नाही. लोखंडी कमानींवर रेक्झीन ताणून शिवणारा माणूस महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत रिक्षाचं हूड बनवताना दिसतो. ताणाचं गणित त्याच्या हातात आहे. गाडीच्या टपाचा दुहेरी बाक आणि नेफ्याच्या टोकाची काटछाट त्याला नवी आहे, आणि ती जुनं अस्तर समोर पसरून दाखवली तर शिकण्यासारखी आहे. त्यासाठी मालकानं जुनं अस्तर आणि सळ्या टाकता कामा नयेत, आणि दुकानाबाहेर गाडी सोडून न जाता कामाचा क्रम त्याच्याशी बसून ठरवला पाहिजे. रंग देण्याआधी काचा निघालेल्या असतात, तेव्हाच जुनं अस्तर उतरवून सळ्यांवर क्रमांक टाकावेत. रंग चालू असताना शिवण होते. रंग वाळल्यावर आधी अस्तर, मग रबर, मग काच. रबर मात्र सगळ्यात आधी मागवून, गाडीच्या चौकटीला लावून पाहून ठेवावं. जुन्या गाड्यांना ते मापाचं मिळेलच असं नाही, आणि ते हातात येईपर्यंत काचांना हात लावू देऊ नये.